तहानलाडू, भूकलाडू आणि महाडची वाट

श्रोतेहो, लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतला राजपुत्र दूरदेशी निघाला की त्याची आई त्याच्याबरोबर दोन तऱ्हेचे लाडू बांधून देत असे, एक भूकलाडू आणि दुसरा तहानलाडू. गोष्ट सांगणारी आजी नुसत्या भूकलाडवावर कधी भागवीत नसे. भूक आणि तहान ही वाटेवरची दोन निरनिराळी संकटे आहेत, हे त्या माउलीला पक्के ठाऊक होते. आता गंमत अशी की, यांतला भूकलाडू माणसाने खरोखरच तयार केला. गेली काही हजार वर्षे तो निरनिराळ्या नावांनी आपल्या गाठोड्यात आहे. तहानलाडू मात्र आजवर कोणालाच करता आलेला नाही. या दोन गोष्टींचा इतिहास आपण आज महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या वाटांवरून चालत चालत पाहू.

हा मुलूखच मुळी वाटांचा. सावित्री नदी आणि तिला मिळणारी गांधारी यांच्या काठी महाड वसले. पूर्वी भरतीच्या पाण्याबरोबर होड्या येथपर्यंत येत. महाड हे कोकणातले बंदर, आणि त्याच्या पाठीशी सह्याद्रीची भिंत. महाडहून वरंध घाटाने भोरकडे जाता येते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने प्रतापगडाच्या पायथ्यावरून महाबळेश्वर गाठता येते, आणि दक्षिणेला कशेडीचा घाट चढून खेडकडे उतरता येते. गाडीरस्ते होण्यापूर्वी मीठ, सुकी मासळी आणि नारळ बैलांच्या पाठीवरून वर जात, आणि देशावरचे धान्य व गूळ खाली येई. माणसे तर पायीच चालत. ज्या मुलखात एका बाजारपेठेतून दुसरीकडे जायला डोंगर चढावा लागतो, त्या मुलखात शिदोरी हा घरच्या स्वयंपाकाचा रोजचाच भाग असतो.

संस्कृतात शिदोरीला पाथेय म्हणतात. पथावर उपयोगी पडते ते पाथेय. पण शब्द मोठा असला तरी वस्तू साधी आहे. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, तिच्यावर चटणी, एक कांदा, आणि हे सारे फडक्यात बांधलेले. ही शिदोरी एका दिवसाची. सकाळची भाकरी संध्याकाळपर्यंत वाळते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिला बुरशी येते. असे का होते, हे शिक्षकांनी मुलांना जरूर समजावून द्यावे. भाकरीच्या पिठात आपण पाणी घालतो आणि भाजल्यावरही त्यातले बरेचसे आतच राहते. बुरशीला आणि जंतूंना जगायला पाणी लागते, ते त्यांना भाकरीत आयते मिळते. म्हणून जास्त दिवस टिकणारी शिदोरी हवी, तर पदार्थातले पाणी काढून टाकले पाहिजे, किंवा गूळ, साखर, मीठ यांच्याशी ते असे जखडून ठेवले पाहिजे की जंतूंना वापरता येऊ नये.

आपल्या बायकांनी हे शास्त्र कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय साधले. दोन-तीन दिवसांच्या प्रवासाला त्या पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून दशमी करीत. वैशाखात बरक्या फणसाचे गरे चाळून त्याचा रस ताटावर पसरीत आणि उन्हात वाळवून फणसपोळी करीत. आंब्याची साठ तशीच. रातांब्याची साले मीठ लावून वाळवली की आमसूल झाले. पावसाळ्याआधी उन्हाची ही पुंजी डब्यात भरून ठेवायची, हा कोकणातल्या घरांचा रिवाज. घाट चढून जाणाऱ्याचे नाव कधीकधी बखरीत येते. त्याची शिदोरी बांधणारीचे नाव मात्र कुठेही लिहिलेले नाही.

येथे इतिहासाचा अध्यापक म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. शाळेच्या नाटकात मावळा कमरेची पुरचुंडी सोडतो आणि गूळ-शेंगदाणे खातो, असे आपण नेहमी दाखवतो. चित्र गोड आहे, पण जरा तपासून घेतले पाहिजे. भुईमूग हे मूळचे दक्षिण अमेरिकेतले पीक. १४९२ साली कोलंबस पलीकडच्या किनाऱ्याला लागला, त्यानंतर ते जगभर पसरले. आपल्याकडे भुईमुगाची मोठ्या प्रमाणावर लागवड दिसते ती एकोणिसाव्या शतकात. काजूही तिकडचाच. ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो गोव्याला आणला आणि कोकणच्या वरकस जमिनीत तो असा रुजला की आज त्याला परका कोण म्हणेल? चटणीतली मिरचीसुद्धा त्याच वाटेने आली. उलट तीळ मात्र आपला अगदी जुना सोबती. हडप्पा येथील उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत. तेव्हा तिळगूळ हा आपल्या भूकलाडवांतला जुन्यांतला जुना म्हणावा, आणि शेंगदाण्याची चिक्की त्याची धाकटी बहीण. खजूर अरबस्तानाच्या बाजूने गलबतांतून आपल्या बंदरांत येत राहिला. म्हणजे आपल्या हातातल्या एका वडीत तीन खंडांचा व्यापार आणि इतिहास एकत्र येतो.

मग शिवकालात गडावर खात काय? याची एक नोंद आपल्या शेजारच्या रायगडावरचीच आहे. १६७४ च्या ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन तेथे हजर होता. त्याच्या वकिलातीचा वृत्तांत जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरच्या प्रवासवर्णनात आला आहे. त्यात म्हटले आहे की, या लोकांचे आवडते अन्न म्हणजे डाळ-तांदूळ एकत्र शिजवून तूप घातलेली खिचडी. त्याबरोबर एक मजेदार हकीकतही आहे. इंग्रज मंडळींना रोज मांस लागे. तेव्हा ते पुरवणारा म्हातारा खाटीक, इतके मांस खाणारी ही माणसे आहेत तरी कशी, हे बघायला मुद्दाम गड चढून आला! राजधानीच्या गडावरसुद्धा जेवण किती साधे होते, हे या एका प्रसंगावरून कळते.

अशी टिकाऊ शिदोरी प्रत्येक देशाने आपापल्या परीने शोधली. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी रानरेड्याचे मांस वाळवून कुटीत आणि त्यात चरबी व रानफळे मिसळून त्याचे गोळे करीत. त्याला पेमिकन म्हणतात. १९११ च्या डिसेंबरात अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला तेव्हा त्याच्या गाड्यांवर पेमिकन होते. १९५३ च्या २९ मे रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले, तेव्हा त्यांच्याजवळ पुदिन्याच्या अर्काची साखरेची वडी होती, आणि तेनसिंगने बिस्किटे, चॉकलेट व गोळ्या देवाला नैवेद्य म्हणून बर्फात पुरल्या. पुढे १९८६ साली ब्रायन मॅक्सवेल नावाच्या कॅनडाच्या धावपटूने कॅलिफोर्नियात अशीच वडी बाजारात आणली. चकचकीत कागदात गुंडाळलेली, ‘एनर्जी बार’ या नावाची वडी आज मुंबई-पुण्याच्या दुकानांत मिळते आणि रायगड, चंद्रगड, लिंगाणा चढायला येणाऱ्या मुलांच्या पाठपिशवीत असते. पुष्कळदा तिचा कागद मागे गडावर राहतो, ही गोष्ट वेगळी. पण नीट बघाल तर तो आपला भूकलाडूच आहे. फक्त आकार गोल होता, तो चौकोनी झाला.

तेव्हा ही वडी घरी कशी करावी, ते सांगतो. शाळेच्या सहलीसाठी शिक्षकांना आणि पालकांना उपयोग होईल. पाव किलो बिनबियांचा खजूर, दीडशे ग्रॅम शेंगदाणे, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम फणसपोळी किंवा आंब्याची साठ, आणि तीळ, काजू व नाचणीचे पीठ प्रत्येकी पन्नास ग्रॅम घ्यावे. शेंगदाणे निवडताना डोळ्यांत तेल घालावे. बुरशी आलेला, कडवट किंवा सुरकुतलेला दाणा फेकून द्यावा. १९६० साली इंग्लंडात बुरशी लागलेल्या शेंगदाण्याची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा या बुरशीत विष असते हे जगाला कळले. भाजल्यानेही ते पुरते जात नाही.

दाणे मंद आचेवर खरपूस भाजून साले काढावीत आणि जाडसर कुटावेत. तीळ वेगळे भाजावेत, काजूचे तुकडे करावेत. नाचणीचे पीठ चमचाभर तुपात वास सुटेपर्यंत भाजावे. फणसपोळीचे कात्रीने बारीक तुकडे करावेत. मग कढईत आणखी चमचाभर तूप घालून चिरलेला खजूर परतावा. तो मऊ होऊन गोळा होऊ लागला की किसलेला गूळ त्यातच विरघळू द्यावा. एक पथ्य पाळावे. पाण्याचा थेंबही घालू नये, कारण टिकण्याचे सारे मर्म त्यातच आहे. कढई खाली उतरवून बाकीचे जिन्नस व चिमूटभर मीठ घालावे, चांगले मळावे, तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडाने थापावे आणि कोमट असतानाच वड्या पाडाव्यात. चाळीस-चाळीस ग्रॅमच्या सुमारे अठरा वड्या होतात, आणि एका वडीतून साधारण १६० कॅलरी मिळतात. खजूर आणि गूळ चटकन शक्ती देतात. दाणे, तीळ, काजू यांतले तेल हळूहळू जळते आणि दुपारपर्यंत पुरते. घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या हवेत या वड्या पंधरा दिवस सहज राहतात. पावसाळ्यात गूळ हवेतले पाणी ओढून घेतो, म्हणून डबा पुनःपुन्हा उघडू नये. काही मुलांना शेंगदाणा बाधतो, तेव्हा सहलीपूर्वी आईवडिलांना तेवढे विचारून घ्यावे.

हा झाला भूकलाडू. त्यातले पाणी आपण काढून टाकले म्हणून तो हलका झाला आणि टिकाऊही झाला. पण काढून टाकलेले हे पाणी शरीराला परत द्यावेच लागते. कोरडी वडी खाल्ली की घसा पाण्यासाठी सुकतो. शिवाय उन्हात चढ चढताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. म्हणजे शिदोरी जितकी कोरडी, तितकी वाटेवरच्या पाण्याची गरज अधिक. अन्न पाठीवर नेता येते. पाणी दोन-तीन लिटरच्या पुढे पाठीवर नेणे अवघड. ते वाटेनेच द्यावे लागते. आणि वाटेवरचे पाणी कोणी एकट्याच्या घरचे नसते, ते सर्वांचे असते, किंवा असायला हवे.

जुन्या लोकांनी हे ओळखले होते. महाडजवळ मुंबई-गोवा रस्त्याच्या कडेलाच गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, दीड हजार वर्षांहून अधिक जुनी. त्या डोंगरात राहण्याच्या खोल्यांबरोबर पाण्याची टाकीही खोदलेली आहेत. कान्हेरीच्या शिलालेखांत अशा टाक्यांना पोढी म्हटले आहे, आणि कोणी पोढी दान केली त्याची नावे कोरली आहेत. खडकात पाणी साठवून देणे हे दान म्हणून दगडावर लिहिण्याइतके मोठे मानले जाई. पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गड बांधण्याचे नियम सांगितले. त्यांतही आधी पाणी पाहावे, ते नसेल तर खडक फोडून तळी-टाकी करावीत, आणि एका झऱ्यावर विसंबून राहू नये, असाच भावार्थ आहे. रायगडावरचा गंगासागर तलाव आजही त्याची साक्ष देतो.

असे असूनही, श्रोतेहो, याच मुलखात पाण्याच्या काठी उभे राहूनही तहानलेले राहण्याची पाळी आपल्याच माणसांवर आली. महाडच्या बाजाराला येणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या लोकांनी भर गावातल्या चवदार तळ्यावर पाणी प्यायचे नाही, अशी रूढी होती. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलने १९२३ च्या ४ ऑगस्टला संमत केला. १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेनेही तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला.

मग १९२७ च्या १९ आणि २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली महाडला परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस ही मंडळी तिच्यासाठी खपत होती. बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिले आहे की, पंधरा वर्षांच्या मुलांपासून सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत माणसे शंभर-शंभर मैलांवरून आली होती, आणि त्यांच्या खांद्यावर भाकरीच्या तुकड्यांची शिदोरी होती. पहा, भूकलाडू त्यांनी घरून बांधून आणला होता. पाण्याचे काय? परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे जवळच होते, भरलेले होते.

२० मार्चला हजारो लोक शिस्तीने रांगेत चवदार तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यांच्यामागून सर्वांनी घेतले. त्यानंतर काही वेळाने गावात अफवा पसरली की ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्या घेऊन जमाव मंडपात घुसला. परतीच्या वाटेआधी काही लोक तेथे जेवत होते. त्यांना मारहाण झाली आणि त्यांचे अन्न धुळीत मिसळले. म्हणजे एकाच दिवशी पाण्याचा हक्क बजावला गेला, आणि त्याच दिवशी तोंडचा घास मातीत गेला. पुढे तळ्याच्या शुद्धीसाठी त्यात पंचगव्याचे १०८ घडे ओतण्यात आले, आणि नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. या वेळी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदराला उतरले आणि तेथून पाच मैल चालत महाडला आले. २५ डिसेंबरला तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा प्रश्न न्यायालयात गेला आणि १९३७ च्या १७ मार्चला मुंबई उच्च न्यायालयाने तळे सर्वांना खुले असल्याचा निकाल दिला. एका ओंजळीचा निवाडा लागायला दहा वर्षे गेली. पुढे २६ जानेवारी १९५० ला अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट यांचा नावानिशी उल्लेख आला. मुलांना घटना शिकवताना ‘तळी’ हा शब्द आला की जरा थांबावे, आणि महाड कुठे आहे ते नकाशावर दाखवावे.

हा इतिहास फार जुना झाला असे समजू नका. २०२१ च्या जुलै महिन्यात महाड पुराने वेढले गेले, तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही माणसे गेली. घराघरांत पाणी शिरलेले, आणि प्यायच्या पाण्याची मात्र टंचाई. पुराच्या दिवसांत चूल पेटत नाही. तेव्हा पावसाळ्यापूर्वी घट्ट झाकणाचा एक डबा वड्यांनी, आणि एक भांडे स्वच्छ पाण्याने भरून उंच जागी ठेवावे. भूकलाडू आणि तहानलाडू, दोन्ही. मधूनमधून वड्या नव्या कराव्यात आणि पाणी रोजच्या रोज बदलावे.

आणि सहलीला निघालात तर? पोलादपूरच्या ढवळे गावातून चंद्रगड चढा, किंवा पाचाडहून रायगड. माणशी चार वड्या पुरेत. बरोबर आमसुलाचे दोन तुकडे, मिठाची पुडी आणि दोन-तीन लिटर पाणी असू द्या. वाटेवर पाणी कुठे मिळेल ते निघण्यापूर्वी गावकऱ्यांना विचारून घ्या. गडावरच्या टाक्यात पाय किंवा भांडी धुऊ नका, कारण आपल्यामागून येणाराही तहानलेलाच असतो. शिदोरी सोडताना मुलांना गोल करून बसवा, आणि ज्याच्या डब्यात वडी नाही त्याच्या हातावर ती आधी पडू द्या. पाणी सगळ्यांनी एकाच भांड्यातून घ्यावे. रायगडच्या वाटेवर जाताना महाडला चवदार तळे लागतेच. तेथे थोडा वेळ थांबा, आणि शंभर मैल चालून आलेल्या त्या माणसांच्या शिदोरीची हकीकत मुलांना सांगा.